पिडिंग्टनच्या नोंदवहीतील फुली

इंग्लंडच्या नॉर्दम्प्टनशायर परगण्यात पिडिंग्टन नावाचे एक लहानसे खेडे आहे. तेथील चर्चमध्ये 10 जून 1781 रोजी एक साधे लग्न लागले. वर विल्यम कॅरी, जोडे शिवणारा कारागीर; वधू डॉरथी प्लॅकेट, शेजारच्या हॅकल्टन गावची. लग्नविधी आटोपल्यावर पाळकाने नोंदवही पुढे केली. वराने आपली सही केली. वधूला लिहिता येत नव्हते, म्हणून तिने आपल्या नावापुढे एक फुली काढली.

पुढे ज्यांनी नवा करार प्रथम मराठीत छापला आणि ज्यांच्या नजरेखालून हिंदुस्थानातील कितीतरी भाषांतील पवित्र शास्त्र छापखान्यात गेले, त्या विल्यम कॅरी यांच्या संसाराचा आरंभ या फुलीने झाला. कॅरी यांची चरित्रे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. सेरामपूरचा छापखाना, 1812 सालची आग, व्याकरणे, कोश, सतीच्या चालीविरुद्धची खटपट हे सर्व आपल्या परिचयाचे आहे. प्रस्तुत लेखात मात्र त्या नोंदवहीच्या पानापासून निघून त्यांचे आयुष्य पाहावयाचे आहे. त्या पानावर जे लिहिले आहे त्याइतकेच, जे लिहिलेले नाही तेही विचार करण्याजोगे आहे.

विल्यम यांचा जन्म 17 ऑगस्ट 1761 रोजी पॉलर्सपरी येथे झाला. म्हणजे लग्नाच्या दिवशी त्यांना विसावे वर्ष चालू होते, पण ते पूर्ण व्हावयास दोन महिन्यांहून अधिक अवकाश होता. डॉरथी त्यांच्यापेक्षा सुमारे सहा वर्षांनी मोठी, पंचविशीची. नोंदवहीत मात्र यांपैकी कशाचाही उल्लेख नसे. त्या काळच्या इंग्रजी विवाह-नोंदीत वयाचा रकानाच नव्हता. वधूवरांची नावे, त्यांची पॅरिश, लग्न जाहीर सूचनेने झाले की परवान्याने, वधूवरांच्या सह्या किंवा खुणा, पाळकाची सही आणि दोन साक्षीदार, एवढ्यावर नोंद संपे. वय हवे असेल तर बाप्तिस्म्याची वही उघडावी लागते, आणि तेथेही पुष्कळदा मिळते ती बाप्तिस्म्याची तारीख, जन्माची नव्हे. आपल्या पूर्वजांचा शोध घेणारा नवखा माणूस येथे हमखास फसतो.

अशा नोंदी ठेवण्याची सक्ती ज्या कायद्याने झाली तो लॉर्ड हार्डविक यांचा 1753 चा विवाह-कायदा. त्याचा अंमल 25 मार्च 1754 पासून सुरू झाला. त्यापूर्वी इंग्लंडात चोरून लावलेल्या लग्नांचा सुळसुळाट झाला होता. लंडनच्या फ्लीट तुरुंगाच्या परिसरात थोडे पैसे टाकले की कोणीही पाळक कोणाचेही लग्न लावून देई, आणि श्रीमंतांच्या मुली व वारस मुले अशा रीतीने परस्पर लग्ने करून मोकळी होत. त्याला आळा घालावा हा या कायद्याचा मुख्य हेतू होता. गरिबाच्या मुलीची काळजी म्हणून तो कोणी केला नव्हता, हे ध्यानात ठेवलेले बरे.

या कायद्याने लग्नाचे दोन मार्ग ठेवले. पहिला, ज्यास आपण बॅन्स म्हणतो तो, म्हणजे तीन रविवार उपासनेत लग्नाची जाहीर सूचना वाचणे. दुसरा, बिशपाच्या अधिकाराने मिळणारा परवाना. वधू किंवा वर 21 वर्षांच्या आतील असेल आणि परवान्याने लग्न करावयाचे असेल, तर पित्याची संमती लागे. पिता हयात नसेल तर पालकाची, आणि पालकही नसेल तर आईची; तीही तिने पुन्हा लग्न केले नसेल तरच. संमतीवाचून परवान्याने लागलेले लग्न मुळातच रद्द ठरे. विधवा व विधुर यांना ही अट नव्हती. बॅन्सच्या बाबतीत गोष्ट थोडी निराळी होती. तेथे लेखी संमती नको, पण सूचना वाचली जात असताना मुलाच्या किंवा मुलीच्या बापाने उभे राहून हरकत घेतली की ती सूचना निष्फळ होई. बाप गप्प राहिला तर त्याचे मौन हीच संमती.

विल्यम यांचे वडील एडमंड कॅरी हे मूळचे विणकर. पुढे ते पॉलर्सपरीला शाळामास्तर व पॅरिशचे कारकून झाले. चर्चच्या नोंदवह्या, सूचना, सह्या हे त्यांच्या नित्याच्या कामाशी निगडित असणारे विषय होत. मुलगा 21 च्या आतला असल्यामुळे हे लग्न थांबविण्याचा अधिकार कायद्याने त्यांच्या हाती दिला होता. तो त्यांनी वापरला नाही. त्या काळी इंग्लंडात कारागीर लोकांची लग्ने बहुधा पंचविशीच्या सुमारास, हाताशी चार पैसे जमल्यावर होत. विशीच्या आत, तेही आपल्याहून वडील असलेल्या वधूशी, असे लग्न थोडे वेगळेच दिसले असेल. विल्यम यांचा पहिला धनी क्लार्क निकल्स 1779 साली वारला होता, आणि ते हॅकल्टनच्या थॉमस ओल्डकडे काम करीत होते. मिळकत अगदी बेताची होती.

आणखी एक गोष्ट. हॅकल्टनला भरणाऱ्या डिसेंटर लोकांच्या सभेत कॅरी आता मिसळले होते आणि डॉरथीचे वडील डॅनियल प्लॅकेट हेही त्याच सभेतले होते. तरीही लग्न लागले ते चर्च ऑफ इंग्लंडच्या वेदीपुढे. 1753 च्या कायद्याने क्वेकर व यहूदी एवढ्यांनाच सूट दिली होती. बाकी बाप्टिस्ट असो, काँग्रिगेशनल असो की रोमन कॅथोलिक असो, पॅरिश चर्चबाहेर लागलेले त्याचे लग्न कायदा मानीत नसे. ही अडचण 1837 साली दूर झाली. तेव्हा एखाद्या पूर्वजाची नोंद इंग्लंडच्या पॅरिश वहीत सापडली, एवढ्यावरून तो अँग्लिकन होता असे मानणे धोक्याचे आहे.

किमान वयाविषयी कायदा काय म्हणत होता? याचे उत्तर आजच्या वाचकाला धक्का देणारे आहे. परंपरागत इंग्रजी कायद्याप्रमाणे मुलगा 14 वर्षांचा व मुलगी 12 वर्षांची झाली की ती विवाहयोग्य ठरत. हार्डविक यांच्या कायद्याने या आकड्यांना हात लावला नाही. ते 1929 पर्यंत तसेच राहिले. त्या वर्षी दोघांसाठी 16 हे वय ठरले, आणि इंग्लंड व वेल्समध्ये 18 होण्यास 2023 साल उजाडावे लागले. म्हणजे 1781 साली कायदा पित्याला विचारीत होता, पण वधूला काय समजते, तिला पुढच्या आयुष्याची कल्पना आहे काय, हा प्रश्न त्याच्या कक्षेत नव्हता. डॉरथी तर सज्ञान होती. तिच्या बाबतीत कोणाच्याही संमतीची गरज नव्हती. तिची फुली ही तिची स्वतःची संमती होती.

पुढची बारा वर्षे झपाट्याने गेली. पहिली मुलगी ॲन दुसऱ्या वर्षीच तापाने दगावली. त्याच तापाने कॅरी यांचे डोक्यावरचे केस गेले. 1783 मध्ये त्यांनी नेन नदीत बाप्तिस्मा घेतला. मग मोल्टनला शाळा व मंडळी, 1789 पासून लेस्टर येथील मंडळी, आणि सर्व वेळ जोड्यांच्या कामाशेजारी उघडे ठेवलेले लॅटिन, ग्रीक व हिब्रूचे पुस्तक. 1792 च्या ऑक्टोबरमध्ये केटरिंगला बाप्टिस्ट मिशनरी सोसायटी स्थापन झाली आणि कॅरी यांचे हिंदुस्थानात जाणे ठरले.

येथे संमतीचा प्रश्न पुन्हा उभा राहिला, आणि या वेळी कायदा पूर्णपणे मुका होता. परदेशी जाण्यासाठी नवऱ्याने बायकोची अनुमती घ्यावी असा कोणताही नियम नव्हता. डॉरथीने नकार दिला. तिच्या पोटी मूल होते, दोन मुली तिने मातीआड केल्या होत्या, आणि इंग्लंड व फ्रान्स यांच्यात युद्ध पेटले होते. कॅरी थोरल्या फेलिक्सला घेऊन निघाले. पण ईस्ट इंडिया कंपनीचा परवाना नसल्यामुळे त्यांना जहाजावरून उतरावे लागले, आणि या खोळंब्यात ते सहकारी जॉन टॉमस यांच्यासह पुन्हा तिच्याकडे आले. जेबेझ त्या वेळी काही आठवड्यांचे बाळ होते. डॉरथीने पुन्हा नकार दिला. दोघे परत निघाले, आणि वाटेतून टॉमस माघारी जाऊन तिला पुन्हा विनवू लागले. अखेर आपली बहीण कॅथरीन सोबत येणार असेल तर मी येते, असे तिने कबूल केले. तयारीला फार तर एखादा दिवस मिळाला. 13 जून 1793 रोजी डॅनिश जहाजाने ती सर्व निघाली आणि 11 नोव्हेंबरला कलकत्त्यास पोहोचली.

उत्पत्तीच्या चोविसाव्या अध्यायात रिबकेचा भाऊ व आई तिला बोलावून तिची इच्छा विचारतात. मूळ हिब्रूत तेथे मुलीच्या मुखाचा उल्लेख आहे. तिचा होकार तिच्याच तोंडून ऐकावयाचा असा त्याचा भाव. भाषांतर करताना या ठिकाणी मी नेहमी थांबतो. डॉरथीलाही विचारले गेले. पण दोनदा नाही म्हटल्यावर, ओलीबाळंतीण असताना, दारात जहाजाची घाई उभी असताना मिळालेला होकार हा कितपत मोकळा, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी ठरवावे. कॅरी यांचा मोठेपणा मान्य करूनही मला वाटते की येथे त्यांनी घाई केली.

तिची पुढची कहाणी दुःखाची आहे. सुंदरबनाच्या कडेला देबहट्टा येथे थोडे दिवस काढल्यावर कुटुंब मदनावती येथील निळीच्या कारखान्यावर गेले. जिच्या आधारावर ती आली होती ती बहीण लग्न करून मागेच राहिली. 1794 मध्ये पाच वर्षांचा पीटर तापाने वारला. पुढच्या वर्षापासून डॉरथीचे मन ढळले. नवरा आपल्याशी एकनिष्ठ नाही या भ्रमाने तिला ग्रासले, आणि कधी कधी तिला खोलीत बंद ठेवावे लागे. हे बारा वर्षे चालले. शेजारच्या खोलीत कॅरी पंडितांसह बसून बंगाली, संस्कृत, मराठी वचने जुळवीत. मराठी शुभवर्तमानाचे पहिले खर्डे याच घरात, हेच आवाज कानावर येत असताना तयार झाले. 8 डिसेंबर 1807 रोजी डॉरथीला देवाज्ञा झाली. जुन्या चरित्रकारांनी तिला एकतर दोन ओळींत उरकले किंवा पतीच्या मार्गातील धोंड ठरविले. 1992 साली जेम्स बेक यांनी तिचे स्वतंत्र चरित्र लिहिले, तेव्हा कोठे तिच्या बाजूने पाहण्यास सुरुवात झाली.

कॅरी 1800 च्या जानेवारीत हुगळीकाठच्या सेरामपूरला आले. या गावाचे खरे नाव श्रीरामपूरच. पण ते आपल्याकडचे श्रीरामपूर नव्हे. तेथे डॅनिश लोकांचे राज्य होते, म्हणून कंपनीची मिशनऱ्यांवरील बंदी तेथे चालत नसे. त्याच वर्षाच्या अखेरीस कृष्ण पाल नावाच्या सुताराने मिशनऱ्यांबरोबर पंक्तीस बसून जात सोडली आणि 28 डिसेंबर 1800 रोजी बाप्तिस्मा घेतला. त्याने जात सोडताच जमावाने त्याला डॅनिश अधिकाऱ्यापुढे ओढून नेले. तो सुटला, तेव्हा दुसरा आरोप आला: याने आपली मुलगी गोलोक एका तरुणाला देण्याचे ठरविले होते आणि आता हा ती देत नाही. डॅनिश अधिकाऱ्याने मुलीला अभय दिले की तिच्या मनाविरुद्ध तिला लग्न करावे लागणार नाही.

पण मुलीचे लग्न लहानपणीच बापाच्या शब्दाने ठरलेले होते. पुढे 1801 मध्ये तिला सेरामपूरहून पळवून कलकत्त्यास नेण्यात आले. हुगळीच्या त्या बाजूला इंग्रजांचा अंमल होता. तेथे तिची दाद लागली नाही. तिला नवऱ्याकडे जावे लागले. पुष्कळ हाल सोसून ती कालांतराने आपल्या माणसांत परतली आणि तिने बाप्तिस्मा घेतला. विसाव्या वर्षाच्या आत स्वतः बापाच्या मूक संमतीने बोहल्यावर उभे राहिलेले कॅरी आता पाहत होते की बापाचा शब्द मुलीला कसा बांधतो, आणि बापाने तो परत घेतला तरी कसा सुटत नाही.

म्हणूनच 1803 च्या एप्रिलमध्ये जे घडले त्याचे मोल अधिक. कृष्ण पालची दुसरी मुलगी आनंदमयी हिचे लग्न कृष्णप्रसाद या ब्राह्मण ख्रिस्ती तरुणाशी ठरले. सेरामपूरच्या मिशनमधील एतद्देशीय ख्रिस्ती लोकांचे हे पहिले लग्न. सुताराची मुलगी आणि ब्राह्मणाचा मुलगा यांचा विवाह, हीच त्या काळी केवढी नवलाची गोष्ट! परंतु विधी कोणता लावावा? इंग्लंडचा 1753 चा कायदा समुद्रापलीकडे लागू नव्हता, आणि हिंदू विधी त्यांनी सोडला होता. मिशनऱ्यांनी बंगालीत एक विवाहपत्र तयार केले. कृष्ण पालच्या घरापुढे झाडाखाली मंडळी जमली. कॅरी यांनी विवाहाचा अर्थ समजावून सांगितला, पत्र वाचले, वधूवरांनी उजवे हात एकमेकांच्या हातात दिले आणि मग दोघांनी त्या पत्राला सह्या केल्या. बंगाली स्त्रीने अशा पत्रावर सही करण्याचा हा बहुधा पहिलाच प्रसंग, अशी सेरामपूरकरांची समजूत होती. संध्याकाळी मिशनरी वधूच्या घरी पंगतीला बसले.

त्या दिवशी डॉरथी त्याच गावात, मिशनच्या आवारात, आपल्या खोलीत होती.

आपल्या देशातील ख्रिस्ती विवाहांना कायद्याची पक्की चौकट मिळाली ती कॅरी यांच्या मागून पुष्कळ वर्षांनी, 1872 च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याने. गंमत अशी की त्या कायद्यात हार्डविक यांच्या कायद्याची सावली स्पष्ट दिसते. 21 वर्षांखालील जो विधवा वा विधुर नाही तो अज्ञान, आणि संमतीचा क्रमही तोच: आधी पिता, मग पालक, मग आई. याच कायद्याच्या सहाव्या भागात एतद्देशीय ख्रिस्ती लोकांसाठी निराळी सोय होती. तेथे मूळ अट एवढीच होती की वर 16 वर्षांहून व वधू 13 वर्षांहून मोठी असावी. 1929 च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने मुलीसाठी 14 व मुलासाठी 18 ही मर्यादा सर्व धर्मीयांना लावली. 1978 पासून ती 18 व 21 आहे.

नागपूर, इंदूर, बडोदा, हैदराबाद अशा ठिकाणी पांगलेली आपली कुटुंबे आता आपापल्या आजा-पणज्यांचा शोध घेऊ लागली आहेत. जुन्या विवाह-वहीत पणजीचे वय 14 पाहून कोणी खजील होतात, कोणी पान उलटतात. 1890 साली ते लग्न कायदेशीर होते. उलट पणजोबा 20 वर्षांचे असून पित्याच्या संमतीचा उल्लेख आढळला, तर त्यात भांडणाचा वास घेण्याचे कारण नाही. त्या लग्नाला लागू असलेल्या कलमाप्रमाणे ती लेखी नोंद पाळकाने ठेवली असेल, एवढाच त्याचा अर्थ. वय सांगताना मात्र लोक पूर्वीही थोडी मोकळीक घेत. जन्मतारीख माहीत नसलेल्या समाजात पाळक चेहरा पाहून आकडा घाली. विवाह-वहीतील वय बाप्तिस्मा-वहीशी ताडून पाहिल्यावाचून वंशवृक्षात लिहू नये. आणि पणजीच्या नावापुढे सही आहे, फुली आहे की अंगठा आहे, हे अवश्य पाहावे. नकलेत ते दिसत नाही; मूळ वहीच पाहावी लागते.

कॅरी यांचे उरलेले आयुष्य ग्रंथांचे. 1801 पासून ते कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली, नंतर संस्कृत व मराठी शिकवीत. वैजनाथ पंडितांच्या साह्याने 1805 मध्ये मराठी व्याकरण, 1810 मध्ये मोडी लिपीतील कोश आणि 1811 मध्ये मराठी नवा करार त्यांनी छापून काढला. आजच्या कानाला ती मराठी खडबडीत लागते. पण त्या पाउलवाटेवरूनच आम्ही सर्व चाललो आहोत. 1829 च्या डिसेंबरमध्ये सतीबंदीचा कायदा झाला, तेव्हा त्याचे बंगाली भाषांतर त्यांच्याकडे आले. एका दिवसाचा विलंब म्हणजे एखादी विधवा चितेवर, हे जाणून त्यांनी रविवारची उपासना दुसऱ्याकडे सोपविली आणि संध्याकाळपर्यंत भाषांतर पुरे केले.

दुसरे लग्न त्यांनी 1808 च्या मे महिन्यात शार्लट रूमोर या विदुषीशी केले. ती श्लेस्विगच्या कुलीन घराण्यातील, प्रकृतीने नाजूक, अनेक भाषा जाणणारी, वयाने जवळजवळ त्यांच्याएवढीच. दोघेही पंचेचाळिशी ओलांडलेली. कोणाच्याही पित्याची संमती आता लागणार नव्हती. विरोध झाला तो सहकाऱ्यांकडून: डॉरथीला जाऊन सहा महिनेही झाले नव्हते. पुढे त्यांनाही शार्लटचा लळा लागला. तेरा वर्षांचा हा संसार अत्यंत सुखाचा झाला. भाषांतराच्या कामात ती त्यांना बरोबरीने मदत करी. 1821 मध्ये ती वारल्यावर काही काळाने त्यांनी ग्रेस ह्यूज या विधवा बाईंशी विवाह केला, आणि 1823 मध्ये घसरून पडल्यामुळे ते अंथरुणास खिळले तेव्हा तिने त्यांची मनोभावे शुश्रूषा केली.

आपल्या मृत्युपत्रात कॅरी यांनी आपणास शार्लटच्या शेजारी मूठमाती द्यावी असे लिहून ठेवले होते. 9 जून 1834 रोजी पहाटे सेरामपूरला त्यांनी देह ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी, त्यांच्या इच्छेप्रमाणे, त्यांना तेथे पुरण्यात आले. तो दिवस 10 जूनचा होता. पिडिंग्टनच्या वहीत डॉरथीने फुली काढली त्याला त्या दिवशी त्रेपन्न वर्षे पुरी झाली होती.